पुढच्यास ठेच लागली, मागच्याला कळवलं कोणी?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. मधले मथळे वाचायला सोपं जावं म्हणून नंतर घातले आहेत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटतो: विमान कंपन्यांकडची सुरक्षेची माहिती, तिची देवाणघेवाण आणि तिचं विश्लेषण. पण या विषयाचा गाभा आपल्या एका म्हणीत आहे. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.' म्हण बरोबरच आहे. फक्त तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पुढचा आणि मागचा एकाच वाटेवर, एकमेकांना दिसतील इतक्या अंतरावर चालले आहेत. पुढचा ठेचकाळला की मागच्याला ते डोळ्यांनी दिसतं आणि तो दगड चुकवतो.

विमानांचं तसं नसतं. पुढचा आज एका कंपनीच्या विमानातून गेला. मागचा दीड महिन्यानं, दुसऱ्याच कंपनीच्या विमानातून, त्याच वाटेनं येणार. दोघांची ओळख नाही, गाठ पडण्याचा संबंध नाही. पुढच्याला ठेच लागली हे मागच्याला सांगणार कोण? आणि बिकट प्रश्न त्याच्या आधीचा आहे. मला ठेच लागली, हे पुढचा तरी कबूल करेल का?

गेल्या पन्नास वर्षांत विमान वाहतुकीनं या दोन प्रश्नांची बरीच चांगली उत्तरं शोधली. ती काय आहेत ते बघू. आणि ती उत्तरं हाताशी असतानाही २०२५ साली सदुसष्ट माणसं कशी गेली, तेही बघू.

डिसेंबर १९७४

१ डिसेंबर १९७४, रविवारची सकाळ. अमेरिकेतल्या टीडब्ल्यूए या कंपनीचं बोइंग ७२७ जातीचं विमान, फ्लाइट ५१४, वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाकडे निघालं होतं. तिथे आडवा वारा जोराचा होता, म्हणून त्याला जवळच्या डलेस विमानतळाकडे वळवलं गेलं. विमान वायव्येकडून येत होतं आणि वाटेत डोंगररांग होती.

नियंत्रकानं सांगितलं, तुम्हाला उतरण्याच्या मार्गाची परवानगी आहे. आता हे वाक्य दोन माणसांनी दोन प्रकारे ऐकलं. वैमानिकांना वाटलं, नियंत्रकानं परवानगी दिली म्हणजे वाट मोकळी आहे, आता १,८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही. नियंत्रकाला वाटलं, वैमानिकांच्या हातात नकाशा आहे, कुठपर्यंत किती उंची राखायची ते नकाशा बघून ते ठरवतील. नकाशावर त्या टप्प्यासाठी ३,४०० फूट लिहिलेले होते. वैमानिकांचं त्यावर कॉकपिटमध्ये बोलणंही झालं. पण नियंत्रकाची परवानगी म्हणजे खाली येण्याची मुभा, असा अर्थ त्यांनी लावला. ढग, पाऊस, वारा अशी हवा होती. विमान माउंट वेदर नावाच्या डोंगरावर, साधारण १,६७० फूट उंचीवर आदळलं. विमानातले सगळे, म्हणजे ९२ जण, मरण पावले.

चौकशीत एक गोष्ट बाहेर आली, ती ऐकून आजही सुन्न व्हायला होतं. सहाच आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाच्या बाबतीत हेच घडलं होतं. तोच विमानतळ, तीच वाट, परवानगीचा तोच गैरसमज. ते विमान डोंगरावरून थोडक्यात निसटलं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला ते कळवलं, कारण युनायटेडनं कंपनीपुरती अशी एक सोय नुकतीच सुरू केली होती. कंपनीनंही आपल्या इतर वैमानिकांना सावध केलं. म्हणजे युनायटेडच्या बाजूनं बघितलं तर सगळं व्यवस्थित झालं! पण टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचलं नाही. तसं पोचण्यासाठी कुठला रस्ताच तेव्हा नव्हता.

या अपघातानंतर दोन गोष्टी झाल्या. जमीन जवळ आली की कॉकपिटमध्ये इशारा देणारं यंत्र मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं झालं. ही झाली यंत्राची गोष्ट. दुसरी गोष्ट होती कागदाची, आणि आपला आजचा विषय तिथून सुरू होतो.

पोलिसाला कोण सांगणार?

अमेरिकेत विमान वाहतुकीचं नियमन फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, ही सरकारी संस्था करते. आपल्याकडे जशी डीजीसीए. एफएएनं १९७५ मध्ये जाहीर केलं की वैमानिकांनी, नियंत्रकांनी आपल्या चुका, थोडक्यात टळलेले प्रसंग आम्हाला कळवावेत. आम्ही शिक्षा करणार नाही.

आता तुम्ही स्वतःला वैमानिकाच्या जागी ठेवा. ज्या कार्यालयातून तुमचा परवाना येतो, ज्या कार्यालयाला तो काढून घेता येतो, तेच कार्यालय म्हणतंय, "या, काय चुकलं ते सांगा, आम्ही काही करणार नाही." कोण जाईल? चौकातल्या वाहतूक पोलिसाकडे जाऊन, "साहेब, मी मघाशी सिग्नल तोडला, नोंद करून घ्या," असं आपल्यापैकी कोणी सांगेल का? पोलीस कितीही भला असला तरी नाही सांगणार.

एफएएला हे कळलं, आणि त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. हे काम त्यांनी स्वतःकडे ठेवलंच नाही. ते नासाकडे दिलं. नासाकडे विमानशास्त्राची जाण होती आणि कुणाचाही परवाना काढून घेण्याचा अधिकार नव्हता. कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात १९७६ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. तिचं नाव एव्हिएशन सेफ्टी रिपोर्टिंग सिस्टिम, थोडक्यात एएसआरएस. ती उभी करण्यात चार्ल्स बिलिंग्ज या डॉक्टरांचा मोठा वाटा होता. हे गृहस्थ वैद्यकशास्त्रातले. माणूस थकतो, गोंधळतो, ऐकण्यात चूक करतो, हे त्यांना वैद्य म्हणून ठाऊक होतं.

ती चालते कशी? वैमानिक, नियंत्रक, हवाई सेवक, देखभाल करणारे तंत्रज्ञ, यांपैकी कोणीही काय घडलं ते लिहून पाठवतो. त्या अर्जाला वर एक पट्टी असते, तिच्यावर नाव आणि संपर्क. नासाचा विश्लेषक तो अहवाल वाचतो आणि गरज वाटली तर फोन करून दोन प्रश्न विचारतो. मग ती पट्टी तारखेचा शिक्का मारून पाठवणाऱ्याला परत जाते. नासाकडे नाव उरतच नाही. उद्या कोणी मागितलं तरी द्यायला काही नाही.

आणि पाठवणाऱ्याला काय मिळतं? घटनेपासून दहा दिवसांच्या आत अहवाल पाठवला असेल आणि पुढे नियमभंगाची कारवाई निघालीच, तर ती शिक्का मारलेली पट्टी दाखवता येते आणि दंड किंवा परवाना निलंबन टळतं. अर्थात याला अटी आहेत. चूक जाणूनबुजून केलेली नसावी. गुन्हा नसावा. प्रत्यक्ष अपघात झालेला नसावा. म्हणजे ही सरसकट माफी नाही. प्रामाणिक चूक प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला दिलेलं ते संरक्षण आहे.

तेव्हापासून आजवर या व्यवस्थेकडे लाखो अहवाल आले. नावं काढून टाकलेले अहवाल कोणालाही वाचता येतात. निवडक प्रसंग 'कॉलबॅक' नावाच्या मासिक पत्रिकेतून प्रसिद्ध होतात. एका कंपनीला लागलेली ठेच दुसऱ्या कंपनीतला माणूस घरी बसून वाचू शकतो. १९७४ मध्ये जो रस्ता नव्हता, तो आता झाला.

लिहिलेलं आणि न लिहिलेलं

पण माणसानं लिहिलेल्या अहवालाची एक मर्यादा असते. माणूस जे त्याला जाणवलं तेच लिहितो, आणि कधी कधी जाणवलेलंही पूर्ण लिहीत नाही. याचं एक उदाहरण सांगतो, आणि ते एकाच कंपनीतलं, एकाच विमानाचं आहे.

२८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री इंडोनेशियातल्या लायन एअरचं एक बोइंग ७३७ मॅक्स विमान बालीहून जकार्ताला निघालं. उड्डाण होताच कॅप्टनच्या हातातला दांडा थरथरू लागला. विमानाचा वेग धोकादायकरीत्या कमी झाला आहे, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात तसं काही नव्हतं. विमानाच्या नाकाचा कोन मोजणारा एक संवेदक चुकीचं मोजत होता. त्या चुकीच्या आकड्यावर भरवसा ठेवून विमानातली एक स्वयंचलित प्रणाली नाक पुन्हापुन्हा खाली ढकलत होती. कॉकपिटमध्ये त्या रात्री योगायोगानं तिसरा वैमानिकही बसलेला होता. अखेर कॅप्टननं नाक खाली ढकलणाऱ्या मोटरचा स्विच बंद केला आणि हातानं समतोल साधत विमान जकार्ताला आणलं.

उतरल्यावर देखभालीच्या नोंदवहीत काय लिहिलं गेलं? वेग आणि उंची दाखवणाऱ्या तबकड्या जुळत नाहीत, आणि एक इशारादिवा लागला. दांडा सगळा वेळ थरथरत होता, हे त्यात नव्हतं. मोटर बंद करावी लागली, हेही नव्हतं. तंत्रज्ञांनी जे लिहिलं होतं त्याच्यावर काम केलं, चाचणी घेतली, ती ठीक आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान फ्लाइट ६१० म्हणून निघालं आणि काही मिनिटांत जावा समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. इंडोनेशियाच्या चौकशी अहवालानं अपघाताला हातभार लावणारी नऊ कारणं दिली. त्यात विमानाच्या रचनेतले दोष आहेतच, आणि नोंदवहीतली ही अपुरी नोंदही आहे.

मला इथे त्या कॅप्टनकडे बोट दाखवायचं नाही. रात्री उशिरा दमून उतरलेला माणूस, त्यानं विमान सुखरूप आणलेलं. आदल्या रात्रीचा सगळा प्रसंग विमानातल्या यंत्रात मात्र सेकंदासेकंदाला नोंदलेला होता. ती नोंद त्या रात्री कोणी उघडून बघितली असती तर? इथून आपण दुसऱ्या प्रकारच्या माहितीकडे येतो.

अपघात झाला नाही तरी ब्लॅक बॉक्स वाचायचा

ब्लॅक बॉक्स म्हटलं की आपल्याला अपघातच आठवतो. पण विमानातला नोंदयंत्रांचा संच प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवतो. वेग, उंची, इंजिनांची स्थिती, चाकं कधी खाली आली, जमिनीला टेकताना किती जोरानं टेकलं. हा सगळा साठा रोजच्या रोज काढून घ्यायचा आणि संगणकाकडून तपासून घ्यायचा, ही पद्धत आता जगभरच्या मोठ्या विमान कंपन्यांत रूढ आहे. तिला फ्लाइट डेटा मॉनिटरिंग म्हणतात.

यात बघायचं काय असतं? समजा, विमान धावपट्टीकडे येताना एक हजार फुटांवर ठरावीक वेगात, ठरावीक उताराच्या रेषेवर स्थिर असायला हवं. नसेल तर संगणक खूण करतो. एका उड्डाणात असं झालं तर ते फार मोठं नाही. पण एखाद्या विमानतळाच्या एकाच धावपट्टीवर, वेगवेगळ्या वैमानिकांकडून, पुन्हापुन्हा असं होत असेल, तर दोष वैमानिकांत शोधून उपयोग नाही. तिथे येण्याचा मार्गच कदाचित फार उंचावरून आखलेला असेल.

इथेही विश्वासाचा तोच प्रश्न येतो. समजा, जोरात टेकलेल्या प्रत्येक लँडिंगबद्दल कंपनीनं वैमानिकाला बोलावून झापायला सुरुवात केली. काय होईल? वैमानिक विमान हळुवार टेकवण्याच्या मागे लागेल. हळुवार टेकवायचं म्हणजे विमान धावपट्टीवर तरंगत ठेवायचं. त्यात धावपट्टी मागे सरते आणि थांबायला जागा कमी उरते. पावसात तर हे फारच वाईट. आकडा सुधारला आणि धोका वाढला! म्हणून चांगल्या व्यवस्थेत कुठलं उड्डाण कोणाचं, हे फक्त एका विश्वासू माणसाला बघता येतं. अमेरिकेत तो बहुधा वैमानिकांच्या संघटनेचाच असतो. तोच त्या वैमानिकाला फोन करून विचारतो, "बाबा रे, त्या दिवशी नक्की काय झालं होतं?"

बघा, दोन्ही माहितींचा जोड कसा जमतो. यंत्र सांगतं काय झालं, किती वेळा झालं. का झालं, ते यंत्राला ठाऊक नसतं. ते माणूस सांगतो. आणि माणसाच्या अहवालांवरून किती वेळा झालं हे काढता येत नाही, कारण सगळेच काही लिहीत नाहीत. नासाची व्यवस्था स्वतःच बजावते की आमच्याकडे आलेल्या अहवालांची संख्या म्हणजे घटनांची संख्या समजू नका. अहवाल वाढले म्हणजे धोका वाढला असंही नाही. लोकांचा विश्वास वाढला, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

सगळ्यांचा साठा एकत्र

आता पुढची पायरी. एका कंपनीची एका विमानतळावर दिवसाला चार उड्डाणं असतील, तर तिला तिथला दोष दिसायला वर्ष लागेल. दहा कंपन्यांची माहिती एकत्र केली तर तो महिनाभरात दिसेल. पण कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक. आपल्या चुकांची वही शेजारच्या दुकानदाराला कोण दाखवेल?

अमेरिकेत यावर २००७ मध्ये एएसआयएएस नावाची व्यवस्था सुरू झाली. त्यात सरकार आहे, विमान कंपन्या आहेत, कामगार संघटना आहेत. माहिती सांभाळण्याचं आणि तपासण्याचं काम मायटर या ना-नफा संस्थेकडे दिलं. तत्त्व साधारण असं: प्रत्येक कंपनीची मूळ माहिती तिचीच राहते. प्रश्न सगळ्यांच्या साठ्याला एकदम विचारला जातो आणि उत्तर एकत्रित येतं. आपली कंपनी सरासरीच्या वर आहे की खाली, हे कंपनीला कळतं. शेजारची कुठे आहे, ते कळत नाही. स्वेच्छेनं दिलेली ही माहिती सरकारनं जाहीर करू नये, अशी कायद्यातही तरतूद आहे.

यातून निघालेलं एक काम मला विशेष वाटतं, कारण ते माउंट वेदरच्या अपघाताशी जोडलेलं आहे. डोंगराळ भागातल्या विमानतळांजवळ जमीन जवळ आल्याचे इशारे कुठे जास्त वाजतात, हे सगळ्या कंपन्यांच्या नोंदींतून एकत्र काढलं गेलं. नियंत्रक विमानांना ज्या किमान उंचीवर आणत होते, ती उंची आणि विमानातल्या यंत्राचं गणित यांचा काही ठिकाणी मेळ बसत नव्हता. तो बसवायचा तर उंच्या आणि मार्ग दुरुस्त करावे लागतात. कुठल्याही एका कंपनीला हे चित्र पूर्ण दिसलं नसतं.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सरकार आणि उद्योग यांचा एक संयुक्त गट बनला. दहा वर्षांत प्रवासी विमान वाहतुकीतला प्राणघातक अपघाताचा धोका ८० टक्क्यांनी कमी करायचा, असं त्यानं ठरवलं. २००८ पर्यंत ८३ टक्के घट झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ एक विमान पडलं. त्यानंतर जवळपास सोळा वर्षं, एखाददुसरा प्रवासी दगावल्याच्या घटना सोडल्या तर, अमेरिकी प्रवासी कंपनीचा मोठा अपघात झाला नाही. इतकी वर्षं, रोज हजारो उड्डाणं! लोकांना वाटू लागलं की हा प्रश्न सुटला.

पुन्हा वॉशिंग्टन

२९ जानेवारी २०२५ ची रात्र. वॉशिंग्टनचा तोच नॅशनल विमानतळ, जिथे १९७४ चं ते विमान उतरायचं होतं. आता त्याला रेगन नॅशनल म्हणतात. अमेरिकन एअरलाइन्ससाठी चालणारं एक छोटं जेट विमान ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे येत होतं. पोटोमॅक नदीच्या काठानं सैन्याचं एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर सरावासाठी निघालं होतं. नदीवर दोघांची टक्कर झाली. दोन्हींतले मिळून ६७ जण मरण पावले.

अमेरिकेतल्या अपघातांची चौकशी एनटीएसबी ही स्वतंत्र संस्था करते. सहाच आठवड्यांत, मार्च २०२५ मध्ये, तिनं प्राथमिक अहवाल दिला. तिथे हेलिकॉप्टरांसाठी नदीकाठानं आखून दिलेला मार्ग होता, उंचीची मर्यादा २०० फूट. ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे उतरणारं विमान त्याच मार्गाच्या वरून जातं. दोन्ही वाहनांनी आपापले नियम तंतोतंत पाळले, तरी त्यांच्यात काही वेळा जेमतेम ७५ फूट अंतर उरू शकत होतं. सात मजली इमारतीएवढं.

आणि आता आकडे ऐका. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर एकमेकांच्या एका सागरी मैलाच्या आत आणि ४०० फुटांहून कमी उंचीच्या फरकात आल्याचे १५,२१४ प्रसंग नोंदलेले होते. त्यातले ८५ प्रसंग असे, की आडवं अंतर १,५०० फुटांहून कमी आणि उभं अंतर २०० फुटांहून कमी. २०११ पासूनच्या नोंदी बघितल्या तर दर महिन्याला किमान एकदा तरी हेलिकॉप्टर जवळ आल्यामुळे विमानातल्या टक्करविरोधी यंत्रानं वैमानिकाला बाजूला होण्याची सूचना दिलेली होती. यातले दोन तृतीयांश प्रसंग रात्रीचे. निम्म्याहून जास्त वेळा हेलिकॉप्टर आपल्या उंचीच्या मर्यादेच्या वर असावं.

हे आकडे एकत्र मांडले गेले ते अपघातानंतर, पण त्यांच्यामागच्या नोंदी आधीपासूनच्या आहेत. माहिती होतीच. यंत्रं नोंदत होती, वैमानिक अहवाल पाठवत होते, आणि ती माहिती ज्या संस्थेला मार्ग बदलण्याचा अधिकार होता, तिच्याच आवाक्यात होती. एनटीएसबीच्या अध्यक्षा जेनिफर होमंडी यांनी जाहीरपणे याच गोष्टीवर बोट ठेवलं.

दोन्ही अपघात शेजारी ठेवून बघा. १९७४ मध्ये ठेच एकाच माणसाला लागली होती आणि ती दुसऱ्यापर्यंत पोचवायला रस्ता नव्हता. २०२५ मध्ये रस्ता होता, ठेचा हजारोंनी नोंदलेल्या होत्या, आणि त्या सगळ्या एका जागी पोचल्या होत्या. तिथे बसून 'या नदीवर काय चाललंय?' असं विचारणं हे कोणा एकाचं काम नव्हतं.

माझ्या मते आजच्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. माहिती वाटून घेणं म्हणजे सुरक्षा, असा एक समज आता पक्का झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. साठवलेली माहिती आपण होऊन काही बोलत नाही. तिला प्रश्न विचारावा लागतो. तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी असावी लागते. आणि उत्तर आल्यावर मार्ग बंद करण्याचा, उंची बदलण्याचा अधिकार वापरायला कोणीतरी तयार असावं लागतं, त्यासाठी थोडी गैरसोय सोसावी लागली तरी. प्राथमिक अहवालाबरोबरच एनटीएसबीनं तातडीची शिफारस केली, की ती धावपट्टी वापरात असताना नदीवरचा तो हेलिकॉप्टर मार्ग बंद ठेवा. दगड बाजूला करायला इतकंच लागत होतं.

मी इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: भारतात अशी व्यवस्था आहे का?

उत्तर: आहे. डीजीसीएकडे काही घटना कळवणं सक्तीचं आहे, आणि त्याशिवाय स्वेच्छेनं कळवण्याचीही सोय आहे. विमान कंपन्यांना उड्डाणांच्या नोंदी नियमित तपासाव्या लागतात. अपघातांच्या चौकशीसाठी २०१२ पासून एएआयबी हा वेगळा विभाग आहे. अपघातातून शिकण्याचंही आपल्याकडे ठळक उदाहरण आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं आणि कझाकस्तानचं अशी दोन विमानं हवेत धडकली, ३४९ जण गेले. त्यानंतर आपल्याकडे टक्करविरोधी यंत्र सक्तीचं झालं. पण मघाशी सांगितलेला निकष इथेही लावून बघा. अहवाल कोणाकडे जातो? ज्याच्या हातात परवाना आहे त्याच्याकडेच. नासासारखी, शिक्षेचा अधिकार नसलेली तिसरी जागा मध्ये असेल, तर वैमानिक जास्त मोकळेपणानं लिहील असं मला वाटतं.

प्रश्न: शिक्षाच नसेल तर बेजबाबदारपणा वाढणार नाही का?

उत्तर: रास्त शंका आहे. म्हणून तर रेषा आखलेली आहे. दारू पिऊन विमान चालवलं, मुद्दाम नियम मोडला, तर संरक्षण नाही. पण नकाशावरची ओळ चुकून वाचली, नियंत्रकाचं बोलणं अर्धवट ऐकू आलं, याला शिक्षा करून काय साधतं? पुढचा माणूस तीच ओळ तशीच चुकीची वाचणार. फक्त तो आता सांगणार नाही.

प्रश्न: ही माहिती गुप्त का? प्रवाशांना कळायला नको का, कुठली कंपनी कशी आहे?

उत्तर: हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. कंपन्यांची नावं उघड करायला लागलो तर माहिती यायची थांबेल, हे खरं. पण सगळंच बंद दाराआड राहिलं, तर दाराच्या आतल्यांनी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला नाही, हे बाहेर कोणाला कळणारच नाही. वॉशिंग्टनमध्ये ते अपघातानंतर कळलं. माझ्या मते मधली वाट आहे. माणसाचं आणि कंपनीचं नाव झाकावं, पण जागेचं नाव झाकू नये. अमुक विमानतळाजवळ महिन्याला इतक्या वेळा विमानं फार जवळ आली, हे जाहीर केल्यानं कोणाच्या पोटावर पाय येत नाही.

प्रश्न: ही पद्धत इतर क्षेत्रांत चालेल का?

उत्तर: काही ठिकाणी चालते आहे. अमेरिकेत रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी अशीच गोपनीय व्यवस्था आहे आणि तीही नासाच चालवते. रुग्णालयांतही असे प्रयत्न झाले. कुठल्याही क्षेत्रात सुरू करायची झाली तर आधी चार गोष्टी विचारा. सांगणारा सुरक्षित आहे का? त्याचं म्हणणं दुसऱ्या संस्थेतल्या माणसापर्यंत जातं का? जमलेल्या माहितीला प्रश्न विचारणारा माणूस नेमला आहे का? आणि त्याचं उत्तर ऐकणं कोणावर बंधनकारक आहे का? पहिल्या दोन गोष्टींवर पन्नास वर्षं मेहनत झाली आहे. मागच्या दोन गोष्टींचं काम अजून बरंच बाकी आहे.